उरलेलं निम्मं

“प्रकाश कोण शिकवतं इथं?”

प्रयोगशाळेच्या दारात एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. अंगात खाकी स्वेटर, डोक्यावर निळी लष्करी टोपी, डाव्या बगलेत कागदांची गुंडाळी. मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं लेन्सचं प्रॅक्टिकल घेत होते. खिडक्या लावून मेणबत्त्या पेटवलेल्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या उन्हात उभ्या असलेल्या त्या माणसाचा चेहरा मला आधी दिसलाच नाही.

“मी शिकवते,” मी म्हणाले.

“तुम्ही?” त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी तेव्हा पंचविशीची, अंगानं किडकिडीत, नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं. पण त्यांचं समाधान झालं असावं. “बरं. सुभेदार हैबतराव भोईटे. तोफखाना. रिटायर्ड.”

शब्द जरा जड येत होते, जिभेवर काहीतरी ठेवून बोलावं तसे. सलामासाठी उजवा हात उचलला गेला, पण छातीपर्यंत येऊन थांबला. तिकडे न बघताच ते पुढे बोलले, “ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो. बरोबर?”

“बरोबर.”

“पुस्तकात तो दुप्पट वाकवलाय. चूक आहे. ती दुरुस्त करायला आलोय.”

मुलं हसली. सुभेदार रागावले नाहीत. गुरांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत माणूस थांबतो तसे ते हसणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “तुमचं काम उरका, मॅडम. मी बाहेर बाकावर बसतो.”

माणदेशाच्या कडेला असलेलं आमचं तालुक्याचं कॉलेज. फिजिक्सला आम्ही दोघंच. विभागप्रमुख केंजळे सर आणि मी. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला देशात पहिल्यांदाच विज्ञान दिन साजरा व्हायचा होता आणि केंजळे सरांनी त्यासाठी कार्यक्रम ठरवला होता. गावातल्या लोकांनाही बोलवायचं, मुलांनी प्रयोग दाखवायचे, एखादं भाषण. सुभेदारांच्या कानावर ते गेलं होतं. त्या भाषणानंतर दहा मिनिटं त्यांना हवी होती.

प्रॅक्टिकल संपल्यावर मी त्यांना आमच्या खोलीत नेलं. त्यांनी कागद टेबलावर पसरले. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलानं काढावं तसं. पण आकडे एकाखाली एक नीट रांगेत उभे होते.

“सूर्याच्या पृष्ठभागावर ओढ पृथ्वीच्या अठ्ठावीसपट,” ते सांगू लागले. “तिथं दगड सोडला तर पहिल्या सेकंदातच सव्वाशे मीटरच्या वर खाली जाईल. आता प्रकाश. कितीही जोरात जाऊ दे, सूर्याच्या शेजारून जायला त्याला काही सेकंद लागतातच ना? तेवढे सेकंद तो पडतो. गोळ्यासारखा. गोळा हळू असतो म्हणून जमिनीवर येतो. हा इतका वेगात असतो की थोडासा कलतो आणि निघून जातो. तो कल किती, एवढंच काढायचं.”

त्यांनी प्रकाशाच्या वाटेचे बारीक बारीक तुकडे पाडले होते. प्रत्येक तुकड्यावर सूर्याची ओढ किती, ती कोणत्या दिशेला, त्यानं प्रकाश किती खाली येईल, हे सगळं लॉगच्या कोष्टकावरून. मग सगळ्यांची बेरीज. शेवटी चौकटीत आकडा होता: पॉइंट सत्त्याऐंशी सेकंद, वेळेचे नव्हे, कोनाचे. म्हणजे एका अंशाचे तीन हजार सहाशे भाग केले, तर त्यातला एकही पुरा नाही, इतका कोन.

“आणि पेपरात आलं होतं पावणेदोन,” सुभेदार म्हणाले. “कितीतरी वेळा पुन्हा केलं. दर वेळी बरोबर निम्मं येतं. कुणीतरी त्रिज्येच्या जागी व्यास घातलाय, मॅडम. एकानं घातला आणि बाकीच्यांनी उतरवून घेतला.”

“मी बघून सांगते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “पुढच्या आठवड्यात येतो. नाहीतर तुम्हीच या कारंडवाडीला. एस.टी. वाडीपाशीच थांबते.”

त्या संध्याकाळी मी खोलीवर जाऊन तेच गणित माझ्या पद्धतीनं केलं. कॅल्क्युलसनं ते चार ओळींत होतं. उत्तर आलं पॉइंट सत्त्याऐंशी.

एम.एस्सी.ला आम्हाला पावणेदोन हे उत्तर शिकवलं होतं, न्यूटनच्या नियमांनी निम्मं येतं आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतानं पुरं येतं, एवढं एक वाक्यही होतं. ते मी परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण निम्मंच का येतं? पाव का नाही, दोनतृतीयांश का नाही? हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि आता पडला तर उत्तर येत नव्हतं.

केंजळे सरांना सांगितलं. ते मायक्रोफोनच्या वायरी सोडवत बसले होते.

“अहो, देऊन टाका दहा मिनिटं,” ते म्हणाले.

“पण सर, त्यांचा निष्कर्ष चुकीचा आहे.”

“इथं कुणाला कळणार आहे? दोन लढाया बघितलेला माणूस आहे. पंचक्रोशीत मान आहे त्यांना. बोलतील, टाळ्या पडतील, आपण शाल देऊ. ते खूश, गाव खूश.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मऊपणे म्हणाले, “शालनबाई, विद्यापीठाचा व्हायव्हा नाही हा.”

तरीही मी रविवार धरून कोल्हापूरला गेले. मैत्रिणीच्या ओळखीनं विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले. दोन पुस्तकं डोक्यावरून गेली. तिसऱ्यात एक साधं सूत्र सापडलं आणि त्याच्याकडे बघत मी बराच वेळ नुसती बसून राहिले. ते उतरवून घेतलं, कारंडवाडीला निरोप धाडला आणि पुढच्या आठवड्यात कॉलेज सुटल्यावर कारंडवाडीच्या एस.टी.त बसले.

उतरले तेव्हा थांब्यावर एक बाई उभी होती. नऊवारी नेसलेली, ठेंगणी, डोईवर पदर. काखेत गवताचा भारा होता, पण तो तिनं मला बघताच खाली ठेवला.

“तुमी कालिजातल्या बाई न्हवं? मी सुभेदाराची मंडळी. अनसूया.”

“नमस्कार काकी.”

“चला घराकडं. पर जरा हळू चला. मला बोलायचंय.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाटे धरून उभा होता. ती माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, समोर घराकडे बघत होती.

“त्येंचं उजवं अंग गेलं व्हतं. हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. साताऱ्याच्या डाक्टरनं घरी न्या म्हनून सांगितलं. घरी आनलं तर भिताडाकडं तोंड करून पडायचं. चमचा तोंडाशी न्हेला की दात मिटायचं. म्या समजले, ह्येंला आता ऱ्हायचं न्हाई.”

ती थांबली. पदरानं तोंड पुसलं.

“एक दिस पेपर अंथरून भाकरी वाढली व्हती. तर डाव्या हातानं भाकर बाजूला सारली आन् पेपराकडं बोट दावाय लागले. काय वाचलं त्यात, द्येव जानं. मग हातानं पाटी मागितली. शेजारच्या पोरीची पाटी आनली. म्या धरायची आन् ह्येंनी डाव्या हातानं आकडं काडायचं. पैल्यांदा एकाचा आकडा बी सरळ येईना. रोज. सकाळ झाली की पाटी. आकडं काडायचं तर बसावं लागतंय, म्हनून बसाय लागले. दम लागतोय म्हनून जेवाय लागले. पैला सबूद काय बोलले ठावं हाय? ‘सूर्य’. माजं नाव न्हाई.”

ती हसली, पण लगेच गप्प झाली. घर समोर आलं होतं.

“बाई, मला त्यातलं काय कळत न्हाई. पर तुमच्या तोंडावरनं कळतंय. चुकलंय न्हवं त्येंचं?”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“बरोबर हाय म्हना. तुमचं काय जातंय? एवढं बरोबर हाय म्हना.”

सुभेदार ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. समोर दुसरी खुर्ची मांडून ठेवली होती, तिच्यावर धुतलेला टॉवेल. मला बघून उठले. उठताना भिंतीचा आधार घेतला.

“बसा, मॅडम. बघितलं?”

“बघितलं.”

“मग?”

अनसूयाकाकी आत गेल्या नाहीत. दारातच उभ्या राहिल्या.

“तुमचं गणित अगदी बरोबर आहे,” मी म्हणाले. “मी स्वतः करून पाहिलं. पॉइंट सत्त्याऐंशीच येतं. कुठेही चूक नाही.”

काकींनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. सुभेदारांचा चेहरा मात्र फुलला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

“गणित बरोबर आहे,” ते सावकाश म्हणाले. “गणिताचं मी विचारलंच नाही. ते मला ठाऊक आहे. मी विचारतो, गोळा कुठं पडला?”

“म्हणजे?”

“आमच्याकडं गणित करणारा एक असतो आणि पुढं टेकडीवर दुर्बीण घेऊन बसलेला एक असतो. गोळा कुठं पडला ते तो सांगतो. त्याच्यापुढं गणित करणाऱ्याचं काही चालत नाही. पेपरातलं पावणेदोन हे कुणी कागदावर काढलंय, का दुर्बिणीतून बघितलंय?”

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नुसतं ‘कागदावर’ म्हणायचं होतं. दारातल्या बाईचे डोळे माझ्यावर होते. मी तिच्याकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे बघितलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, जणू समोर त्यांचा कमांडिंग ऑफिसर होता.

“बघितलंय,” मी म्हणाले. “खग्रास ग्रहणात सूर्य झाकला गेला की शेजारचे तारे दिसतात, तेव्हा फोटो काढून मोजलंय. पुढे रेडिओ दुर्बिणींनी आणखी काटेकोर मोजलं. पावणेदोनच येतं.”

सुभेदारांनी एकदाच मान हलवली.

“शॉर्ट,” ते म्हणाले. “माझा गोळा शॉर्ट पडला. निशाणाच्या अलीकडेच.”

“सुभेदार, पण त्याचं कारण...”

“मॅडमला चहा दे,” ते बायकोला म्हणाले, आणि भिंत धरत धरत ओसरी उतरून घराच्या मागे गेले.

मी आत बसून चहा घेतला. तो कसा लागला ते आठवत नाही. मागच्या बाजूला ते एका दगडावर बसलेले खिडकीतून दिसत होते, आमच्याकडे पाठ करून. जाताना काकींनी माझ्या पिशवीत हरभऱ्याचे डहाळे कोंबले, पाहुणीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून. पण माझ्याकडे बघितलं नाही. थांब्यापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वर्गात शिकवताना मध्येच वाक्य विसरायचे. कारंडवाडीचा एक मुलगा पहिल्या वर्षाला होता, त्याला विचारावंसं वाटायचं, सुभेदार बरे आहेत का? आणि धीर व्हायचा नाही. केंजळे सरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “तुम्ही अजून लहान आहात.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग विज्ञान दिनाच्या आधीच्या रविवारी, सकाळी मी केस धुऊन बसले होते, तर घरमालकीण सांगत आली की कुणी मिलिटरीवाला आणि त्याची बायको विचारत आलेत.

सुभेदार आत येऊन माझ्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले. काकी उंबऱ्यापाशी जमिनीवर बसल्या, कितीही म्हटलं तरी वर बसल्या नाहीत.

“बरेच दिवस विचार केला,” सुभेदार म्हणाले. “गोळा शॉर्ट पडला म्हणून गनर घरी जात नाही. करेक्शन मागतो. तुम्ही त्या दिवशी काहीतरी सांगत होता, मीच उठून गेलो. आता सांगा. उरलेलं निम्मं कुठून येतं?”

मी कोल्हापूरहून आणलेला कागद काढला.

“तुमचं निम्मं तसंच राहतं,” मी म्हणाले. “ते पुसायचं नाही. प्रकाश पडतो, तेवढाच पडतो. पण तो ज्या जागेतून जातो ती जागाच सूर्याजवळ सपाट नाही.”

“जागा सपाट नाही म्हणजे?”

“समजा, सूर्याभोवती एक लांब दोरी गुंडाळली आणि मोजली. तिच्यावरून शाळेतल्या रीतीनं व्यास काढला. आणि मग खरोखरच आरपार मोजत गेलो. तर आरपारचं अंतर हिशेबापेक्षा थोडं जास्त भरेल. शाळेतली भूमिती तिथे पुरती लागू पडत नाही.”

ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, कळलं नाही. मी दुसरं उदाहरण शोधत होते, तेवढ्यात ते डोळे न उघडताच म्हणाले, “नकाशा.”

“काय?”

“जमीन गोल आणि नकाशाचा कागद सपाट. एका कागदापुरतं चालून जातं. पण लांबलांबचे दोन कागद शेजारी ठेवा, शिवेवर चौकोन जुळत नाहीत. देवळालीच्या तोफखाना शाळेत आम्हाला पहिल्याच कोर्सात शिकवलं. लांबचा मारा असेल तर त्याचंही करेक्शन असतं.” त्यांनी डोळे उघडले. “म्हणजे मी गोळ्याचं पडणं धरलं. पण सूर्याजवळचा नकाशा सपाट धरला.”

“हो,” मी म्हणाले. “अगदी तसंच.”

“मग आमच्या तोफेच्या गोळ्याला का नाही लागत हे? देवळालीच्या कोष्टकात असलं करेक्शन नाही.”

मी त्यांना ते सूत्र दाखवलं. कंसात एक, अधिक वेगाचा वर्ग भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. एक म्हणजे तुमचं पडणं, दुसरं जागेचं. गोळा हळू असतो, वाटेत वेळ फार घालवतो, त्या वेळात पडत राहतो, जागेचा वाकडेपणा त्याच्या हिशेबात येतच नाही.

त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेतली. डाव्या हातानं, ओठ दाबून, सेकंदाला अर्धा किलोमीटर जाणाऱ्या गोळ्याचा हिशेब केला. बराच वेळ लागला. दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागली. ती त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं मोजली.

“अकरा शून्यं,” ते म्हणाले. “आणि प्रकाशाला?”

“प्रकाशाचा वेग प्रकाशाच्या वेगाइतकाच.”

“म्हणजे एक.” ते थांबले. “एक अधिक एक.”

“हो.”

“दोन,” दारातून काकी म्हणाल्या.

आम्ही दोघंही तिकडे बघून हसलो. त्याही हसल्या, आणि तोंडावर पदर घेतला.

“आणखी एक सांगू?” मी म्हणाले. “हाच निम्म्याचा हिशेब खुद्द आइन्स्टाइननं आधी केला होता. छापलाही होता. त्यालाही तेव्हा निम्मंच आलं होतं. चार वर्षांनी त्यानं स्वतःच दुरुस्त केलं.”

सुभेदारांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. मग विचारलं, “तोवर कुणी त्याला चुकलं म्हणून सांगितलं नाही?”

“ग्रहणात मोजायला माणसं निघाली होती. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ते राहून गेलं.”

“लढाईनं वाचवलं म्हणा की बिचाऱ्याला,” ते म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

विज्ञान दिनाला कॉलेजचा हॉल भरून गेला होता. केंजळे सरांचा मायक्रोफोन दोनदा शिट्ट्या मारून शेवटी सुरळीत झाला. भाषण झालं, आणि मग सुभेदारांना बोलावलं. निळी टोपी, छातीवर पदकं. गावकऱ्यांनी आधीच टाळ्या सुरू केल्या.

ते चांगलं बोलले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. सूर्याजवळ दगड सोडला तर काय होईल इथून सुरुवात केली. प्रकाश कसा पडतो, तुकडे कसे पाडले, बेरीज कशी केली. “उत्तर आलं पॉइंट सत्त्याऐंशी,” ते म्हणाले, आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले काही लोक उभे राहिले. केंजळे सर शाल घेऊन पुढे सरकले.

सुभेदारांनी डावा हात वर केला.

“थांबा. टाळ्या आत्ता नकोत. हे उत्तर निम्मं आहे.”

टाळ्या एकेक करत थांबल्या. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“खरं उत्तर पावणेदोन. पुस्तकात आहे तेच. मी म्हणत होतो पुस्तक चुकलं. पुस्तक बरोबर आहे. मी चुकलो. कुठं चुकलो ते आता सांगतो.”

आणि मग शब्द अडकला. ते उभे होते, ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. मानेची शीर ताठ झाली. डावा हात हवेत सपाट फिरला, पुन्हा फिरला. मी उठले, पण व्यासपीठावर जावं की नाही ते कळेना. केंजळे सर शाल हातात घेऊन तसेच उभे.

“नकाशा!” बायकांच्या बाजूनं मोठ्यानं आवाज आला. “नकाशा म्हना! कागूद सपाट आन् जमीन गोल!”

सगळ्यांच्या माना वळल्या. अनसूयाकाकी बाकावरून उठून उभ्या होत्या, पदर डोईवरून घसरला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

“नकाशा,” सुभेदार माईकवर म्हणाले. आणि पुढचं सगळं आलं.

संपल्यावर शिक्षकांपैकी कुणीतरी, चांगल्या मनानंच, विचारलं, “मग सुभेदार, एवढी मेहनत वाया गेली म्हणायची?”

“निम्म्यापर्यंत आलो की,” सुभेदार म्हणाले. “मी निघालो होतो शून्यावरनं.”

त्या वेळी टाळ्या पडल्या त्या वेगळ्या होत्या. जरा उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, मीही निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. सुभेदार त्यानंतरही पुष्कळ जगले. मी अधूनमधून कारंडवाडीला जायचे, डहाळे घेऊन यायचे. पण त्या दोघांची आठवण आली की मला तो हॉल आठवत नाही. आठवतो तो त्या दिवशीचा एस.टी. स्टँड. मी त्यांना सोडायला गेले होते. ऊन उतरलं होतं. सुभेदार शाल घडी करून मांडीवर घेऊन बाकाच्या एका टोकाला बसले होते, मध्ये काकी, दुसऱ्या टोकाला मी. दमल्यामुळे सुभेदारांचे डोळे मिटले होते.

“बाई,” काकी हळूच म्हणाल्या, “त्या दिवशी म्या तुमच्यावर लई राग धरला.”

“माहीत आहे मला.”

“मग घरी बसून इचार केला. तुमी बरोबर हाय म्हनला असता, तर आज हितं भाशान झालं असतं, शाल मिळाली असती. आन् उद्या सकाळी उठून ह्येंनी काय केलं असतं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या समोर रस्त्याकडे बघत होत्या.

“ते कागूद आता संपलं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही निम्मं झालं. त्येचीच काळजी हाय मला.”

एक ट्रक गेला. धूळ उडाली, बसली. काकींनी तोंडावर धरलेला पदर खाली घेतला आणि जरा घुटमळत विचारलं, “एक इचारू? हसू नगा.”

“विचारा ना.”

“उजेड खाली पडतोय म्हनता. मग खालनं वर जाताना त्यो दमतो का?”

सुभेदारांनी डोळे उघडले.

“वर फेकलेला दगूड दमतो,” काकी म्हणाल्या. “हळूहळू हुतो. मग सूर्यावरनं निघालेला उजेड? त्यो बी वरच निघालाय की. सूर्य त्येला वडतोय की मागं.”

सुभेदार मान वळवून बायकोकडे बघत होते. इतकी वर्षं ज्या माणसाला आपण ओळखतो असं वाटतं, त्याला नव्यानं बघावं तसं.

“हे मी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दमतो, मॅडम?”

“दमतो,” मी म्हणाले. “पण वेग कमी होत नाही त्याचा. प्रकाशाला हळू होता येत नाही. त्याचा रंग उतरतो. तांबड्याकडे सरकतो, अगदी थोडासा.”

“रंग उतरतो,” काकी स्वतःशीच म्हणाल्या.

“कितीनं?” सुभेदारांनी विचारलं.

मी आकडा सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण अनसूयाकाकींनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि घट्ट दाबला. नवऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “त्येंला काय इचारताय? काडा की तुमी.”